दुखणं शून्य

थोरलीची लाँड्री तळमजल्यावर आणि धाकटीचं घर बरोबर तिच्या डोक्यावर. दोघी सख्ख्या जावा. थोरली दिवसभर उभ्याने इस्त्री करायची, धाकटी केस कापायच्या दुकानात दिवसभर उभी. त्यामुळे दोघींचे गुडघे एकाच सुमारास कुरकुरायला लागले. दुखण्यातसुद्धा धाकटीने आपली बरोबरी करावी, हे थोरलीला काही रुचलं नाही.

थोरली या घरात आली तेव्हा दीर शाळेत जात होता. सासूबाईंचं लांबलेलं आजारपण, दुकानाची घडी बसवणं, सगळं तिने केलं. धाकटी आली ती आयत्या पिठावर रेघोट्या ओढायला, असं ती नवऱ्याला ऐकवायची. बरं, धाकटी वाईट असती तरी चाललं असतं. पण ती गोड होती. गिऱ्हाइकं कपडे थोरलीकडे टाकायची आणि चौकशी धाकटीची करायची.

हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाईंनी दोघींना एका अभ्यासात घेतलं. फोनमधलं व्यायामाचं ॲप गुडघेदुखीवर खरोखर उपयोगी पडतं का, हे त्यांना तपासायचं होतं. निम्म्या लोकांना ॲप, निम्म्यांना नेहमीसारखा छापील कागद. व्यायाम दोन्हीकडे तेच. कोणाच्या वाट्याला काय, हे कंप्युटर ठरवणार.

धाकटीला ॲप मिळालं. थोरलीला कागद.

"बदलून मिळेल का?" थोरलीने विचारलं.

"नाही ताई. आम्हीच आवडीनिवडीने वाटायला लागलो, तर गुण कशाचा आला ते कधीच कळणार नाही. आणि एकमेकींचं वापरायचंही नाही हं."

"कंप्युटरसुद्धा हिच्याच बाजूचा," थोरली पुटपुटली.

त्या दिवसापासून रोज संध्याकाळी वरून फोनमधल्या बाईचा आवाज यायला लागला. पाय उचला, धरा, सोडा. मग 'वा, छान!' आणि मागोमाग धाकटीचं हसू, दिराचं हसू. खाली थोरली एखाद्या शर्टाच्या कॉलरवर इस्त्री अशी दाबायची, की कॉलरनेच काहीतरी वाकडं केलं असावं.

"तूपण कर की," नवरा म्हणाला. "तुझ्या कागदावर तेच लिहिलंय."

"कागद 'वा' म्हणतो का? इतक्या वर्षांत तुम्ही तरी म्हणालात?"

नवरा पावत्या लावत बसला. कागद हँगरच्या ढिगाखाली गेला. थोरलीने एकही व्यायाम केला नाही. करून बरं वाटलं असतं तर बरं, पण धाकटीपेक्षा कमी बरं वाटलं असतं तर?

एकदा धाकटी जिना उतरून दुकानात आली. तोंडावर नुसता आनंद. "जाऊबाई, आज मी न थांबता वर चढले! तुमचं कसंय?"

"माझं? माझं दुखायचं कधीच थांबलं."

"कागदाने?"

"कागदाने."

धाकटी तोंडात बोट घालायची तेवढी राहिली. तिचा तो चेहरा पाहून थोरलीला बऱ्याच दिवसांनी दोन घास जास्त गेले. पण बोलून बसल्यावर निभावणं आलं. कपड्यांचं गाठोडं ती नवऱ्याला उचलू देईना. धाकटी दिसली की चाल सरळ. ती वळली की हात टेबलाच्या कडेवर.

अभ्यासाच्या शेवटी तपासणी होती. तपासणाऱ्या बाईंनी आधीच हात वर केला. "तुम्ही कुठल्या गटात ते मला सांगू नका. कळलं तर माझी नजर बदलेल." थोरलीच्या अगदी ओठांवर आलेलं तिथेच अडलं.

"शून्य ते दहा. दुखणं किती?"

"शून्य."

"आता हात न टेकता खुर्चीतून उठा, बसा. पुन्हा." थोरली दात आवळून उठली, दात आवळून बसली. बाईंनी घड्याळ पाहिलं, मग तिच्याकडे. "नक्की शून्य?"

"शून्य म्हणजे शून्य."

बाहेर धाकटी म्हणाली, "मी तीन सांगितलं. थोडं आहेच अजून." थोरलीच्या जिवाला गारवा वाटला. शून्याने तिनाला हरवलं होतं.

गारवा टिकला नाही. कागदवाल्यांपैकी ज्यांचं अजून दुखत होतं, त्यांना आता ॲप द्यायला बोलावलं. थोरलीला बोलावणं आलं नाही. शून्यवालीला कशाला बोलावतील? मग एका सकाळी गाठोडं उचलताना गुडघ्याने दगा दिला आणि ती गिऱ्हाइकांच्या धुतलेल्या चादरींवर फतकल मारून बसली. उठवायला धावली ती धाकटीच. ते जास्त झोंबलं.

दुसऱ्या दिवशी ती एकटीच डॉक्टरीणबाईंकडे गेली.

"मी खोटं बोलले. दुखणं सात होतं. आठही असेल."

"उठण्याबसण्याच्या चाचणीत दिसत होतं ते. आम्हाला कोडंच पडलं होतं. पण का?"

"जिंकू द्यायचं नव्हतं."

"कोणाला, ॲपला?"

थोरलीने पिशवीचा बंद नीट केला.

"अहो, ही शर्यत नव्हती," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तुमचं उत्तर मी खोडू शकत नाही. तुम्ही हे सांगितलंत, तेवढी नोंद करते. एकटीने फार फरक पडत नाही. पण अशा खूपजणी निघाल्या, तर आम्ही पुढच्या हजारो लोकांना चुकीचं सांगू."

"मग निकाल काय?"

"ॲपवाल्यांचं दुखणं कागदवाल्यांपेक्षा थोडं जास्त उतरलं. थोडंच, जादू नाही. त्यांनी व्यायाम कमी चुकवला, बहुतेक त्यामुळे. पुढे टिकतं का, ते अजून पाहायचंय."

थोडंच, हा शब्द थोरलीने घरापर्यंत जपून आणला.

डॉक्टरीणबाईंनी दिलेलं ॲप फोनमध्ये आलं, पण चालवायचं कसं ते कळेना. अखेर ती एकेक पायरी घेत वर गेली आणि धाकटीला सगळं सांगून टाकलं. धाकटी आधी हसली. मग तिचे डोळे भरले. "मी रोज विचारायचे, जाऊबाई. रोज. आणि इतकं दुखत असताना तुम्ही मला 'दुखत नाही' म्हणायचात?"

थोरलीने फोन पुढे केला. धाकटीने ॲप लावून दिलं, पण पुढे बरेच दिवस ती दुकानात आली नाही. थोरलीने दाराआड, कपड्यांच्या पोत्यांमध्ये, व्यायाम सुरू केला. हळूहळू गुडघा वाकू लागला. एके दिवशी दिराच्या शर्टांची चवड घेऊन ती स्वतःच वर गेली. धाकटीने दार उघडलं, घाम पाहिला आणि खुर्ची पुढे केली.

"किती दुखतंय?" तिने विचारलं.

"चार," थोरली म्हणाली. "आणि तुझं?"

"दोन."

थोरलीच्या पोटात जरासं दुखलंच. पण तिने ते मोजलं नाही, आणि चहा घेऊन मगच खाली उतरली.