जाळायची विमानं

माझं माहेर जालन्याकडचं. सातवीनंतर शाळा सुटली आणि लग्न होऊन मी पोलादपूरच्या पुढं, कशेडीच्या पायथ्याला आले. नवरा मुंबईला. घरात सासूबाई आणि धाकटे दीर. या दिरांचे उपकार मी विसरणार नाही, कारण त्यांनीच मला विमानं करायला शिकवलं.

कागदाची, बोटाएवढी लढाऊ विमानं. भावजी नेटवरचे नमुने महाडहून जाड कागदावर रंगीत छापून आणायचे. संपलेलं बॉलपेन घडीच्या रेषेवरून दाबून ओढायचं, म्हणजे पंख सरळ दुमडतो. उदबत्तीच्या काडीनं शेपटीला फेविकॉल लावायचा आणि श्वास धरून बसायचं. रविवारी त्यांचा महाडचा मित्र खेळायला यायचा. टेबलावर चौकटी आखलेला पुठ्ठा, फासे, दोघांच्या दोन फौजा. दोन्ही मीच केलेल्या. त्यांचा एक नियम होता. ज्यानं विमान पाडलं, त्यानं ते बशीवर धरून तिथल्या तिथं काडी लावायची. माझी आठवडाभराची मेहनत चहा निवायच्या आत राख व्हायची. मी दारात उभी राहून बघायचे. मला एकदाच, फक्त एकदा, त्या टेबलाशी बसायचं होतं.

"दोन्ही फौजा नव्या कर वयनी, मग तुला बसवतो," भावजी म्हणाले.

पावसाळा होता. रात्री चिकटवलेलं सकाळी उकलायचं. मी रडकुंडीला आले तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "अगो, चुलीवर टांगलेल्या ताटीवर ठेव. पावसात आमचं सगळं तिथंच सुकतं." ठेवली. खडखडीत वाळली. शेजारी सुकट होती, ते माझ्या ध्यानातच आलं नाही.

रविवारी मित्रानं एक विमान नाकाशी नेलं. "काय रे, ही फौज कुठल्या बंदरावरून आली?"

भावजी हसून लोळायचे बाकी. "सातवी शिकलेली हाय ती. तिला विमान काय नि बोंबील काय, वाळवायचंच!"

"आमच्यात नाय हो असं कोण करत," सासूबाई पडवीतून म्हणाल्या.

मीही हसले. न हसून चाललं नसतं.

भावजी हरत गेले. त्यांचं एकच विमान उरलं, तेव्हा खुर्ची सरकवून म्हणाले, "बस वयनी, आता तू खेळ." हरलेला डाव माझ्या गळ्यात घालतायत, हे कळत होतं. तरी 'थँक्यू भावजी' म्हणाले आणि हात पुसून बसले.

नव्या फौजेतही मित्रानं आपलं एक जुनं विमान ठेवलं होतं, कधीच न पडलेलं. त्याच्या नाकाला त्यानं बायकोची लाल नेलपॉलिश लावली होती. मी त्याच्यावरच नेम धरला आणि फासे टाकले.

"पडलं!" भावजी ओरडले.

मित्राचा हात पुढं आला. "वहिनी, हे राहू द्या. दुसरं कुठलंही जाळा, पाहिजे तर दोन जाळा."

तोवर तो माझ्याशी कधी बोललाच नव्हता, माझ्याविषयीच बोलायचा. मी काडी ओढली. विमान शेपटीला धरलं आणि नाक वर करून नाकालाच लावली. नाक खाली धरलं असतं तर भसकन पेटलं असतं, मला सावकाश हवं होतं. लाल रंग फुगला, काळा पडला. पंख मी दाबल्या घडीवरच सुटले. बोट भाजेस्तोवर मी सोडलं नाही, आणि सगळा वेळ त्याच्या तोंडाकडे बघत होते.

"अजून टाकू?" मी फासे उचलून विचारलं.

भावजींनी फासे माझ्या हातातून काढून घेतले. "चहा टाक, वयनी."

आत आधण ठेवताना फाशांचा आवाज आला. मी चहा घेऊन आले तेव्हा माझं विमानही बशीत राख झालं होतं आणि माझ्या खुर्चीवर मित्राचा ओला रेनकोट होता.

भावजी चांगले आहेत, मी कुणालाही सांगेन. कुठल्या घरात वहिनीला खेळायला बसवतात? कप ठेवताना मी मित्राला विचारलं, "ते लाल नाकाचं परत करून देऊ का?"

"नको," तो म्हणाला. माझ्याकडे न बघता.

तेवढं 'नको' मला अजून पुरतं.