कंदील आधी, माणूस मागून

भोरच्या स्टँडवर एसटीतून उतरले, तर सलीमभाई जीपला टेकून उभेच होते. सलीमभाई म्हणजे माझ्या कॉलेजातल्या मैत्रिणीचे, रेहानाचे यजमान. डिझेल इंजिनं दुरुस्त करण्यात त्यांचा जन्म गेला. पिशवी मागे टाकता टाकता म्हणाले, "येताना धरणावरचं वीजघर बघितलंत, आता शेणाचा गॅस बघायचाय. मग मधल्या वाटेला काय बैलगाडी जुंपू, ताई?"

"डिझेलचीच जीप असू द्या," मी म्हटलं, "शत्रूच्या घोड्यावर बसायला माझी ना नाही."

मी पुण्यात शाळेत विज्ञान शिकवून नुकतीच निवृत्त झाले होते. नव्वदीचं दशक सरत आलं होतं. एका मासिकासाठी लिहायचं कबूल केलं होतं की कोळसा, डिझेल, रॉकेल एका बाजूला आणि पाणी, ऊन, शेण दुसऱ्या बाजूला ठेवलं तर पुढच्या पिढ्यांना यातलं काय पुरेल. माझा निकाल आधीच ठरलेला होता, हे कशाला लपवू? मला फक्त डोळ्यांनी बघितलेला पुरावा हवा होता. सलीमभाईंना पासलीत एका भातगिरणीचं इंजिन दुरुस्त करायचं होतं. तिथल्याच पांडूतात्यांच्या परसात गोबरगॅस होता, आणि मी येणार असल्याचा निरोप सलीमभाईंनी आदल्या दिवशीच धाडला होता.

कापूरहोळला हायवेला लागलो आणि पुढच्या ट्रकनं तोंडावर काळा धूर सोडला. मी पदर नाकाला लावला. "हा बघा तुमचा लाडका," मी म्हटलं. सलीमभाई हसले नाहीत. "ताई, भाताला पाणी द्यायचं तर तुमचा सूर्य ढगात जातो आन लाइट गावाला जाते. माझं इंजिन हँडल मारलं की चालू. माणसाला वेळेला जे उपयोगी पडतं ते चांगलं." मी लगेच उत्तर दिलं की जमिनीतलं तेल आज ना उद्या संपणार, मग हँडल मारून काय वारा घालणार? चेलाडी फाट्यावर वळेपर्यंत आम्ही दोघं हट्टाला पेटलो होतो.

वेल्ह्यात जेवायला थांबलो. समोर तोरणा उन्हात तापत उभा. खानावळीत नाचणीची भाकरी, कुळथाचं पिठलं आणि कांदा. पंखा बंद होता. मालकीणबाई म्हणाल्या, "लाइट सकाळधरनं न्हाई. येती मनात आलं की." सलीमभाईंनी माझ्याकडे नुसतं बघितलं. मी पिठलं आणखी मागून घेतलं. पिठलं मात्र फक्कड होतं.

वेल्ह्याच्या पुढे रस्ता चढाला लागला. दोन्ही बाजूंना शेतांत काळे चौकोन दिसत होते. हा राब (भाताचं रोप टाकायच्या आधी शेण, पालापाचोळा पसरून जमीन भाजतात ती जागा). बघून माझ्या मनात पाल चुकचुकली. सगळ्या गावाचं शेण चैत्र-वैशाखात राबात जात असेल, तर गोबरगॅस खातो काय?

पासलीत पोचलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. तात्यांच्या घराच्या कडेनं परसात शिरलो आणि मी जागीच थबकले.

गोबरगॅस म्हणजे जमिनीत पुरलेला विटांचा घुमट. एका बाजूनं शेण-पाण्याचा काला ओतायचा, दुसऱ्या बाजूच्या खड्ड्यातून मळी बाहेर येते, आणि घुमटाच्या डोक्यावरच्या नळीतून गॅस चुलीपाशी जातो. इथे तो खड्डा जवळजवळ रिकामा उपसलेला होता. काठावर मळीचा हा ढीग. साठीचा, काटक माणूस, पांडूतात्याच असणार, धोतर खोचून खड्ड्याशी ओणवा झाला होता. त्याच्या हातात दोर होता आणि दोराच्या टोकाला पेटता कंदील. कंदील काठाच्या खाली गेलेला होता.

"तात्या, कंदील वर घ्या," मी म्हटलं.

त्यांनी वळूनही पाहिलं नाही. कडेला उभ्या असलेल्या त्यांच्या बायकोनं, सोनाबाईंनी, मलाच ओठांवर बोट ठेवून गप्प केलं. दोरावरच्या माणसाशी बोलायचं नाही, ही तिथली रीत. दोर धरलेल्याचं लक्ष दोरावर हवं. तात्या गावातल्या विहिरी साफ करत आले होते, आणि विहिरीचा नियम लहान पोरालाही पाठ असतो: कंदील आधी, माणूस मागून. खाली कंदील विझला तर हवा वाईट, उतरायचं नाही. जळत राहिला तर खुशाल उतरायचं. कितीतरी जीव वाचवणारा शहाणपणाचा नियम. पण विहिरीत तळाशी साचते ती हवा कंदील विझवते. या घुमटात साचलेला गॅस कंदिलानं पेटतो. मळी उपसल्यानं घुमटाचं तोंड उघडं पडलं होतं, आत गॅस आणि हवा मिसळलेली, आणि तात्या त्यात जाळ सोडत होते.

ओरडावं तर दचकून दोर सुटेल, गप्प राहावं तर कंदील आणखी हातभर खाली. "सलीमभाई, दोर," एवढंच मी म्हणाले. त्या माणसानं का, कशाला विचारलं नाही. चार ढांगांत पोचून तात्यांच्या मुठीच्या पुढे दोर धरला आणि हळूहळू, भरलेली घागर काढावी तसा, वर ओढला. कंदील काठावर आला. तो तसाच परसाच्या पार टोकाला नेऊन त्यांनी काच उचलली आणि फुंकर मारली.

तात्या संतापले. "कोन तुमी? दोराला हात लावता?"

मी सांगितलं. घुमटात काय आहे, कंदिलानं काय झालं असतं, सगळं सांगितलं. माझी जीभ कोरडी पडली होती, पण शिकवायची सवय, शब्द येत गेले. तात्यांनी ऐकून घेतलं आणि मान हलवली. "बरं. मंग बिनकंदिलाचं उतरतो."

"उतरू नका. आत श्वासाला हवाच नसेल."

"म्या अंधाऱ्या हिरी उपसल्यात, बाई. राबाला श्यान घातलं, गॅस उपाशी ऱ्हायला, खाली गाळ धरलाय. तेवढा काढला की पुन्यांदा सुरू. पाव्हनी येनार, च्या गॅसवर करायचा, म्हनून तर आजच काढलंय." असं म्हणून त्यांनी पाय आत सोडला.

म्हणजे मला चहा पाजायला हा माणूस खाली निघाला होता. मी त्यांचा दंड धरला, परक्या पुरुषाचा, आणि सोडला नाही. "आधी दुसरं काहीतरी जिवंत सोडा. ते धड वर आलं तर मग तुम्ही."

सोनाबाई आत गेल्या. आल्या त्या तांबड्या कोंबडीला काखेत घेऊन. "अंड्यावरची हाय," एवढंच म्हणाल्या, आणि तिला डालग्यात (कोंबड्यांच्या टोपलीत) घालून वरून फडकं बांधलं. तात्या पाय बाहेर काढून बघत राहिले. त्यांनी स्वतःच दोर बांधला, स्वतःच डालगं खाली सोडलं. आत थोडी फडफड झाली. मग काही नाही.

तात्यांनी दोर ओढला. फडकं सोडलं. कोंबडीची मान एका बाजूला पडली होती.

तात्या मळीच्या ढिगाजवळ मटकन बसले. सोनाबाईंनी कोंबडीकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहिलं, आणि खड्ड्यापासून लांब, घराच्या पुढच्या बाजूला असलेल्या चुलीकडे गेल्या. लाकडं नुकतीच तोडलेली, ओली होती. वर रॉकेलचा शिंतोडा मारल्यावर ती पेटली आणि घर धुरानं भरलं. चहा होईस्तोवर त्या खोकतच होत्या. वेल्ह्याच्या डॉक्टरांनी त्यांना धूर वर्ज्य सांगितला होता, गोबरगॅस त्यासाठीच बांधला होता, हे मला सलीमभाईंनी कानात सांगितलं.

कपबशी माझ्या हातात देऊन त्या तात्यांना म्हणाल्या, "ती नळी काडून टाका. बुजवा तो खड्डा. मला धूर चालंल. धूर सांगून तरी येतो."

"येतो सांगून," तात्या म्हणाले, "पर जातो कुठं? तुज्या छातीतच ऱ्हातोय की."

ते उठले. वेळूची लांब काठी शोधली, तिच्या टोकाला पत्र्याचा डबा तारेनं आवळला आणि काठावर पालथे पडून, खड्ड्यात डोकंही न घालता, डबा डबा गाळ काढायला लागले. सोनाबाई पदर कमरेला खोचून त्यांच्या मागे बसल्या आणि दोन्ही हातांनी त्यांचं धोतर घट्ट धरून ठेवलं. मी त्यांना म्हटलं, रिकामा झाला तरी बरेच दिवस उघडा राहू द्या, जाळ जवळ आणू नका. "न्हाई आनत," सोनाबाई म्हणाल्या. त्यांनी धोतर सोडलं नव्हतं.

गिरणीचं इंजिन सलीमभाईंनी लवकरच चालू केलं. परतीच्या वाटेवर आम्ही भांडलो नाही. वेल्हे मागे पडल्यावर ते म्हणाले, "ताई, पेटत्या स्टोव्हात रॉकेल ओतायचं नाही, हे मला कोणी शिकवलं आठवत नाही. आईनं लहानपणीच हातावर मारलं असणार." मला तेच म्हणायचं होतं. रॉकेल घरात आलं तेव्हापासून त्याची भीतीही घरात राहत आली, आईच्या हातून पोराच्या हातात गेली. या लोकांना कोणीतरी घुमट बांधून दिला, नळी दिली, शेगडी दिली. भ्यायचं कशाला, ते कोणी दिलं नाही. शेण पुढच्या पिढ्यांना पुरेल, यावर माझं मत आजही तेच आहे. पण तेवढ्यावर लेख लिहिणं मला जमेना.

पुण्यात घरी पोचले. चहा टाकायला सिलिंडरच्या गॅसची कळ फिरवली, काडी पहिल्या झटक्याला पेटली नाही आणि तो नेहमीचा उग्र वास आला. या गॅसला स्वतःचा वास नसतो. गळला तर कळावं म्हणून कारखान्यात तो मुद्दाम घालतात. शाळेत मी हे मुलांना शिकवलं होतं, पाठ करून घेतलं होतं. तात्यांच्या परसात, मळीच्या त्या ढिगाशेजारी, कसला वास कोणाला वेगळा कळणार होता? मी कळ बंद केली, खिडकी उघडली आणि ओट्याला धरून उभी राहिले. मला भीती वाटत होती, आणि ती शिकवायला माझ्यासाठी कोणीतरी एवढे कष्ट घेतले होते.