अम्मीचा पगार आणि माझी अब्रू

आमच्याकडे निराधार योजनेच्या पैशांना पगार म्हणतात. रेणापूरला एकटी राहणाऱ्या माझ्या अम्मीचा पगार अचानक बंद झाला. त्यावर तिची साखरेची औषधं चालायची. तहसीलमध्ये तोंडी कारण सांगितलं, मुलगा कमावता आहे. तो कमावता म्हणजे मी, नांदेडला दुसऱ्याच्या दुकानात शिलाई मशीनवर बसणारा. माझंच घर ओढूनताणून चालतं, हे पगार मंजूर करणाऱ्या समितीला कोण सांगणार?

मी माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला. कोणत्या नियमाने पगार बंद केला ते सांगा, बैठकीचं इतिवृत्त द्या. उत्तर आलं, ही त्रयस्थ व्यक्तीची माहिती आहे, देता येत नाही. घ्या! पगार बंद करताना मी तिचा मुलगा, आणि कागद मागताना परका. असा संताप आला की हातातला शर्ट उलटा शिवला. मग अम्मीच्याच नावाने अर्ज केला. त्याला उत्तरच नाही, म्हणून अपील केलं आणि लातूरला सुनावणी लागली.

साहेब माणूस वाईट नव्हता. अम्मीला खुर्ची दिली, पाणी मागवलं आणि सहज विचारलं, "कागद कशाला पाहिजे मावशी? मुलगा बघत नाही का?"

माहिती मागणाऱ्याला कारण विचारायचं नसतं, एवढा कायदा मला पाठ होता. पण मी तोंड उघडायच्या आत अम्मीने डोक्यावरचा पदर सारखा केला.

"बघत न्हाई कसा? माझा ल्योक लई गुणाचा हाय, साहेब. मला काईच कमी पडू देत न्हाई."

कचेरीतल्या सगळ्यांनी माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. मी काय बोलणार? आई खोटं बोलते, मी तिला पोसत नाही, असं? साहेबांनी लिहिलं आणि वाचून दाखवलं: मुलगा सांभाळतो, अपीलकर्तीचं समाधान झालं, अपील निकाली. अम्मीने खुशीत अंगठा दिला.

बाहेर येऊन मी तिच्यावर ओरडलो. ती म्हणाली, "भरे लोगां में तेरी इज्जत उतारूं क्या रे?"

दुसरं अपील करता येतं. मी ते लिहूनही ठेवलंय. त्यात सुरुवातीलाच लिहावं लागलं, की अपीलकर्ती सुनावणीत खोटं बोलली, तिचा मुलगा तिला सांभाळत नाही. खाली अंगठा तिचाच लागतो, आणि वाचून दाखवल्याशिवाय ती अंगठा देत नाही.