दाताला न लावलेली मूर्ती

कवळीताईंचं खरं नाव टपालवाल्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. तीस वर्षं त्यांनी लोकांच्या कवळ्या घडवल्या, आणि निवृत्त झाल्यावर हात शिवशिवायला लागले म्हणून बोटभर उंचीच्या रंगीत मूर्ती दुरुस्तीला घेतल्या. सैनिक, घोडे, टोपलीवाल्या बायका. तुटलेलं जोडायचं, जुना रंग उतरवायचा.

रंग उतरवण्याआधी त्या प्रत्येक मूर्ती पुढच्या दातावर वाजवून बघत. दात झिणझिणला की धातू, ती थेट थिनरमध्ये. आवाज मऊ आला की रेझिन, म्हणजे साच्यात ओतलेलं प्लॅस्टिक. त्याला थिनर म्हणजे विष, त्याला साबणाच्या पाण्यात दोन दिवस भिजवायचं. शेजारणी हसत. हसेनात का! त्या दातांनी कधी दगा दिला नव्हता.

त्या दुपारी मात्र हातात आई होती.

थोरल्या भावाने, दादाने, तिची ही मूर्ती तरुणपणी घडवलेली. दारात उभी, डोळ्यांवर आडवा हात धरून मुलांची वाट बघणारी. आई गेली तेव्हा ती एकतीस वर्षांची होती, दादा दहाचा आणि कवळीताई दीड वर्षाच्या. घरात तिचा एकही फोटो नव्हता. चेहरा उरला होता तो दादाच्या डोक्यात आणि या मूर्तीत. त्यात दादा पडला चिकित्सक. 'हा रंग तिचा नव्हेच' म्हणत दरवर्षी वर नवा हात मारायचा. थरावर थर चढून नाकडोळे पार बुजले. दोन वर्षांपूर्वी त्याची दृष्टी गेली, आणि आता मूर्ती चाचपून तो वैतागला होता.

"ठमे, नुसता गोटा लागतोय गं हाताला. रंग काढ सगळा. मला आईचं नाक सापडू दे."

आता आईला दातावर कसं आपटायचं? कवळीताईंना ते काही होईना. त्यांनी मूर्ती नुसती तळहातावर तोलली. चांगली जड लागली. धातूचीच आहे म्हणत त्यांनी ती थिनरच्या बरणीत सोडली.

दहा मिनिटांत रंगाच्या ढलप्या सुटल्या. त्यांनी चिमट्याने मूर्ती उचलली. चिमट्याची टोकं आईच्या खांद्यात रुतली होती. पालथी करून बघतात तर तळाच्या चकतीत शिशाचा तुकडा. मूर्ती कलंडू नये म्हणून दादानेच बसवला असणार. वरची आई सगळी रेझिनची, आणि ती फुगून रबरासारखी झालेली.

"काय करून बसले मी!" त्या रिकाम्या खोलीत मोठ्याने म्हणाल्या.

पुसायला जावं तर चेहराच बोळ्याबरोबर निघून येणार. त्यांनी तळाला धरून मूर्ती पाण्याच्या वाटीत बुडवली, काढली, पुन्हा बुडवली. तिसऱ्या वेळी डोळ्यांवरचा हात गळून पडला. तो त्यांनी गाळणीने अलगद काढून कापसावर ठेवला. मान वाकायला लागली होती, तिला कवळीच्या मेणाचा टेकू दिला आणि मूर्ती काचेवर उभी केली. ऊन नको, पंखा नको, बोट तर मुळीच नको. आत मुरलेलं थिनर आपसूक उडून जाईपर्यंत थांबण्याशिवाय इलाज नव्हता.

आणि दादा चार वाजता येणार होता. पावणेचारलाच जिन्यात काठी वाजली.

"झालं का गं?" म्हणत तो आत आला आणि सवयीने थेट टेबलाकडे वळला. हात पुढे गेलेलाच होता.

"हात लावू नकोस!" कवळीताई ओरडल्या आणि त्यांनी त्याचं मनगट धरलं. जन्मात त्या दादावर ओरडल्या नव्हत्या. त्याचं बोट आईच्या चेहऱ्यापासून दोन अंगुळं लांब थांबलं होतं. "दादा, मी आईला बिघडवलं रे. रेझिन होतं. मऊ पडलीय."

त्याने हात मागे घेतला.

"दाताला लावून बघितलं नव्हतंस?"

"आईला कशी लावू?"

दादाने खुर्ची चाचपली आणि बसला. "मग थांबतो मी."

तो दोन दिवस राहिला. तासातासाला विचारायचा, "कशी आहे?" जशी काही आत कुणी आजारी होतं. कवळीताई भिंग लावून बघायच्या. रेझिन आक्रसत होतं. डोळ्यांच्या कडांना, ओठांपाशी बारीक चुण्या पडत होत्या, आणि त्यांना रडू येत होतं.

तिसऱ्या सकाळी सुई टोचून पाहिली. टणक. केसाएवढं भोक पाडून, तार घालून त्यांनी गळालेला हात परत जोडला आणि मूर्ती दादाच्या तळव्यावर ठेवली.

त्याचं बोट कपाळावरून खाली आलं. "नाक आहे." मग ते गालावर अडलं.

"सुरकुत्या पडल्यात," कवळीताई घाईने म्हणाल्या. "पुट्टी भरून घासते मी. पण दादा, नितळ चेहरा कसा होता ते तूच सांग. मी तर तिला पाहिलेलंच नाही."

"थांब." तो पुन्हापुन्हा तेवढंच चाचपत राहिला. "म्हातारी झाली गं आई. इतकी वर्षं आपल्याहून लहान होती."

मग त्याने दुसरा हात पुढे केला, हवेत जरा शोधला आणि कवळीताईंच्या चेहऱ्यावर ठेवला. कपाळ, नाक, डोळ्याची कड, ओल्या गालावरची चुणी.

"काही भरू नकोस," तो म्हणाला. "हीच आहे."