ढब्याच्या पोटातल्या चकत्या

चाळीस वर्षं नळदुरुस्तीचं काम केलेल्या मिस्त्रींचा एकच हट्ट होता: काम अर्धवट सोडायचं नाही. नळ ठिबकायचा थांबला तरी ते दहा मिनिटं तिथेच बसून राहत. हाताखालच्या कारागिरांनी त्यापायी भरपूर बोलणी खाल्ली होती.

निवृत्तीनंतर गुडघे गेले. घरातच जुने नळ खोलून बसायचे, पण खाली पडलेली रबरी चकती उचलायची म्हणजे संकट. म्हणून त्यांनी कुत्र्याला, ढब्याला, कामाला लावलं. चकतीला मटणाचा रस्सा चोपडायचा आणि "उचल" म्हणायचं. ढब्या चार दिवसांत शिकला. उचललेलं हातात सोडायला शिकवणं मात्र चिकाटीचं काम. मिस्त्री कंटाळले. कधी तो सोडायचा, कधी तोंड मिटून पसार व्हायचा. "टाकली असेल कुठेतरी," असं म्हणून मिस्त्री डब्यातली दुसरी चकती घ्यायचे.

मग ढब्या ओकू लागला. पाणीही पोटात ठरेना.

"अहो, डॉक्टरकडे नेऊ या," बायको म्हणाली.

"पोटात काही गेलं असेल तर आपोआप पडेल बाहेर. कुत्र्याची जात आहे."

यात दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी ढब्या उठेचना, तेव्हा त्याला चादरीत घालून नेलं.

जनावरांच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, बोलायला रोखठोक. एक्स-रेच्या फोटोत पोटामध्ये एक पुंजका दिसत होता. "मोजा असावा. लगेच ऑपरेशन करावं लागेल. घरातून आणखी काही नाहीसं झालंय?"

"माझीच चूक," बायको रडकुंडीला आली. "वाळलेले कपडे मी खाली ठेवते. दोन दिवस मोज्यांच्या जोड्या लावतेय, एक सापडतच नाही."

डॉक्टरीणबाईंनी मिस्त्रींकडे पाहिलं. "तुमच्या लक्षात काही?"

"नाही," मिस्त्री म्हणाले.

ढब्याला आत नेलं. बाकावर बायको पदराचं टोक पिळत बसली. "मुका जीव. माझ्या गबाळेपणापायी..."

"गप्प बस," मिस्त्री म्हणाले. आवाज नको तितका चढला. तिला वाटलं, चिडलेत. ती आणखीच आक्रसली. ते मात्र मिस्त्रींना बघवेना. ते उठले आणि आतलं दार ठोठावलं.

मदतनीस बाईने डोकं बाहेर काढलं. "काका, आता आत येता येणार नाही."

"यायचं नाहीये मला. बाईंना सांगा, पोटात रबरी चकत्या आहेत. नळाच्या, पातळ. फोटोत दिसल्या नसतील. सात तरी असाव्यात, जास्तही असतील."

आतून डॉक्टरीणबाईंचा आवाज आला. "कशा गेल्या?"

"मीच चाटायला लावल्या. शिकवत होतो त्याला."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आतडं मी चाचपणारच होते. पण किती शोधायच्या ते कळलं, बरं झालं. हे सकाळीच सांगायचं होतं हो."

दार मिटलं. मिस्त्री वळले. बायको त्यांच्याकडेच बघत होती.

"म्हणजे दोन दिवस मी मोजे शोधत होते, आणि तुम्ही पेपर वाचत होतात."

मिस्त्री बाकाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसले.

दुपारी डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. मोजा निघाला होता, आणि नऊ चकत्या. आतड्याचा वीतभर तुकडा कापावा लागला होता. "आणखी एक दिवस काढला असतात तर मी हात लावला नसता. पुढचे तीन दिवस नाजूक आहेत. शुद्धीवर येतोय. एकानेच आत बसायचं."

बायको उठली. दारापर्यंत गेली, मागे वळली आणि परत बाकावर बसली. "तुम्ही जा."

आत पिंजऱ्याशेजारी एक खुर्ची होती. ढब्याचं पोट भादरलेलं, टाके उघडे दिसत होते. त्याने अर्धवट डोळे उघडले, मिस्त्रींना ओळखलं आणि शेपूट एकदाच खाली आपटलं.

मिस्त्रींना खुर्चीत बसवेना. सलाईनची बाटली संपेपर्यंत ते गज धरून उभेच राहिले.