पाच वाजताचा टँकर

ताराचंद लोणारेला रात्रीच्या जेवणात पहिले चार घास प्लास्टिकचे लागत. दिवसभर तोंडात शिट्टी. बायकोनं, मीराबाईनं, वांग्यात कितीही तिखट टाकलं तरी जीभ आधी शिट्टीच चघळत बसायची. तो तक्रार करत नसे. तक्रार करायलाही थोडा जोर लागतो, आणि तो जोर त्याच्यात संध्याकाळपर्यंत उरतच नसे.

त्याच्या शर्टावर शिवलेलं होतं 'सिक्युरिटी', पण 'संत्रावन फॅमिली रेस्टॉरंट'मध्ये चोरायला कोण येणार आणि काय चोरणार? पनीर? त्याचं खरं काम गाड्या लावायचं. आता गाड्या लावायच्या कुठं, तर हॉटेलला खाली तळघर होतं. नकाशात ते गाड्यांसाठीच होतं म्हणे. मालकांनी तिथं फुगे टांगले, एसी लावला, आणि त्याचा पार्टी हॉल केला. वाढदिवस खाली, गाड्या वर. आणि वर, हॉटेलच्या पायरीपासून दोन हातांवर, होता सायकलींचा हिरवा पट्टा.

हा पट्टा कोणी काढला आणि काय विचार करून काढला, ते काढणाऱ्यालाच ठाऊक. चांगला सरळ रस्ता होता, त्याच्या कडेला हिरवा रंग फासला, त्यावर पांढरी सायकल काढली आणि फोटो काढून लोक निघून गेले. पट्टा पानठेल्याच्या मागून सुरू होतो. थोडा पुढं गेला की मध्येच विजेची डीपी उभी. सायकलवाल्यानं तिला वळसा घालायचा, म्हणजे बसच्या पुढ्यात यायचं. मग गटाराचं झाकण, आणि तेही रस्त्यापेक्षा वीतभर खाली. रस्ता आणि पट्टा यांच्या मध्ये लवचिक खांब बसवले होते, ते पहिल्याच महिन्यात गाड्यांखाली आडवे झाले. तेव्हापासून तो पट्टा म्हणजे फुकटचं पार्किंग. रंगवलेलं, स्वच्छ, आणि कोणी हटकणारं नाही.

गंमत अशी की ताराचंद स्वतः सायकलवर यायचा. कुहीकडचं गाव सोडून सूतगिरणीत लागला तेव्हापासून सायकल. गिरणी बंद झाली, एटीएमवर बसला, तेव्हाही सायकल. सकाळी रामेश्वरीच्या वस्तीतून निघाला की पट्ट्यावर उभ्या गाडीगाडीला तोंडातल्या तोंडात शिव्या द्यायचा. हॉटेलच्या गेटाशी पोचला की सायकल जिन्याखाली ठेवायची, टोपी घालायची, आणि सुरू, "आने दो, आने दो, कट मारो, बस." सकाळी ज्या कामाला शिव्या घातल्या तेच काम संध्याकाळपर्यंत. सुरवातीला त्याचं त्यालाच हसू यायचं. मग तेही येईनासं झालं. पोटासाठी माणूस काय काय करतो, त्यात हे काय मोठं, असं म्हणून तो गप्प राहायचा.

मीराबाई मात्र गप्प बसणारी नव्हती. लोकांच्या घरी स्वयंपाक करून तिचे गुडघे गेले. डॉक्टर म्हणाले, चालणं कमी करा, सायकल चालवली तर चालेल. डॉक्टरांना वाटलं असेल बाई घरी व्यायामाची सायकल आणेल. मीराबाईनं लेकीची, पायलची, जुनी लेडीज सायकल बाहेर काढली. पायल लग्न होऊन सावनेरला गेली होती आणि सायकल पलंगामागं धूळ खात होती.

"काहून वं, आता या वयात?" ताराचंद म्हणाला.

"मंग कोणत्या वयात? मेल्यावर?"

बुद्धविहाराच्या मागच्या मैदानात त्यानं तिला शिकवली. रोज पहाटे तो कॅरिअर धरून मागं पळायचा आणि धापा टाकायचा, ती पुढून ओरडायची, "सोडू नका जी, सोडू नका." वस्तीतल्या बाया पदर तोंडाशी धरून हसायच्या. शेवटी आली. पण एक राहिलंच. सरळ चालवायची, वळायची, ब्रेक लावायची, सगळं जमलं. जमिनीवरून चढणं काही जमलं नाही. गुडघा तेवढा उचलायचाच नाही. तिला पायाखाली उंचवटा लागायचा. फुटपाथच्या कठड्याला सायकल लावायची, कठड्यावर पाय ठेवून वर बसायचं आणि निघायचं. उतरताना पण तसंच. कठडा नाही तर मीराबाई नाही.

म्हणून तर तो हिरवा पट्टा तिच्यासाठी सोन्याचा होता. डाव्या हाताला सलग कठडा. डीपीशी थांबली तरी कठड्यावर पाय टेकता यायचा. आणि मुलींच्या होस्टेलच्या मेसमध्ये संध्याकाळच्या पोळ्यांचं काम मिळालं, ते नेमकं त्याच रस्त्यावर, हॉटेलच्या पुढं.

"तुमच्या हॉटेलापुढूनच रस्ता आहे," ती खूश होऊन म्हणाली. "रोज पाच वाजता जाताना पाहीन तुमाले. कसे रुबाबात उभे राह्यता ते."

ताराचंद नुसतं 'हो' म्हणाला. तो काय काम करतो ते तिला ठाऊक होतं, 'गेटावर उभे असतात.' गेटावर उभं राहून तो काय करतो, ते त्यानं कधी सांगितलं नव्हतं. रोज रात्री ती पट्ट्यावर गाड्या लावणाऱ्यांच्या सात पिढ्या काढायची आणि तो खाली मान घालून भाकरी मोडायचा.

पहिल्या दिवशी त्यानं काय केलं, तर पाचला थोडा वेळ असताना दोन लाल ट्रॅफिक-कोन आणि आपली प्लास्टिकची खुर्ची पट्ट्यावर आणून ठेवली. एक गाडीवाला काच खाली करून म्हणाला, "क्या हुआ काका, हटाओ." सायकलवर बाई येऊन राहिली असं सांगितलं असतं तर तो हसून गाडी घालूनच मोकळा झाला असता. ताराचंदच्या तोंडून आपोआप निघालं, "पाण्याचा टँकर येऊन राहिला साहेब. पाच मिनिटं."

आणि काय सांगावं, गाडी मुकाट्यानं पुढं गेली. पाण्याच्या टँकरला या शहरात अजून मान आहे.

मीराबाई आली. पाठ ताठ, पदर खोचलेला, हँडल घट्ट धरलेलं, नजर नाकासमोर. हात दाखवीन म्हणाली होती, पण हात सोडायची हिंमत झाली नाही, नुसती मान हलवली आणि गेली. ताराचंद तिच्याकडे पाहत राहिला. असं काही बरं वाटून त्याला फार दिवस झाले होते.

मग रोजचंच झालं. पाचच्या सुमाराला टँकर. नेहमीची गिऱ्हाइकंसुद्धा विचारू लागली, "टँकर झाला का काका?" घरी त्यानं तिला ही युक्ती सांगितली तेव्हा ती पोळपाटावर हात टेकून हसली. गाड्या लावायचं काम त्याचंच आहे, तेवढं मात्र त्यानं सांगितलं नाही. उलट मेसमध्ये मीराबाईनं सगळ्यांना ऐकवलं होतं, तिथल्या मुख्य स्वयंपाकिणीला, अंजनाबाईलासुद्धा, "पूरा रस्ता गाड्याईनं भरला असते, पण संत्रावनपुढं पट्टा मोकळा. माझा माणूस उभा असते ना तिथं. कोणाची मजाल नाही." हे ती घरी येऊन परत त्याला सांगायची. तो म्हणायचा, "जेव आता."

एका शुक्रवारी मालकाचा पोरगा, रजत, काउंटरवरून उठून बाहेर आला. पोरगा वाईट नव्हता. काकाला काकाच म्हणायचा, दिवाळीला मिठाईचा डबा स्वतः आणून द्यायचा.

"काका, हा टँकर कोणता? आपल्याकडं तर बोअरचं पाणी आहे."

ताराचंदनं खोटं लांबवलं नाही. लांबवायचा कंटाळा आला. "आमची बाई जाते सायकलनं या टाइमाले. तिले गाड्याईतून जमत नाही."

रजतनं रिकाम्या पट्ट्याकडं पाहिलं. मग डोकं खाजवत म्हणाला, "काका, तुम्हीच सांगा. पार्टीच्या टायमालाच गाड्या परत जाऊन राहिल्या. पप्पांनी कॅमेऱ्यात पाहिलं. ते मला बोलले, मग मी तुम्हाला बोलून राहिलो. एका सायकलसाठी एवढं नाही जमणार. उद्यापासून नको."

"बरं," ताराचंद म्हणाला.

दुसरं काय म्हणणार होता? सिक्युरिटी एजन्सीवाले आता पोरं घेतात, उंच, दाढी कोरलेली. त्याच्या वयाच्या माणसाला टोपी कोण देतं? ते काम गेलं तर पुढं काहीच नव्हतं, आणि हे रजतलाही ठाऊक होतं, म्हणून त्यानं आवाज चढवला नाही.

त्या रात्री सांगायला हवं होतं. ताट पुढं आलं तेव्हा त्यानं तोंड उघडलंही. पण मीराबाई होस्टेलच्या मुलींची नक्कल करत होती, हसत होती, आणि मध्येच म्हणाली, "उद्या हात दाखवीनच पाहा. आता एका हातानं येते मले." ताराचंद वांग्यातली मिरची बाजूला काढत बसला. उद्या कदाचित गर्दी नसेल. उद्या पाहू. थकलेला माणूस सगळं उद्यावर टाकतो, त्यातलंच हे.

उद्या शनिवार होता आणि खाली दोन वाढदिवस होते. साडेचारपासूनच गाड्यांची रीघ. पट्टा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत भरला, फक्त पायरीसमोर एक जागा उरली. तिथं एक पांढरी मोठी गाडी मागं घ्यायची होती. ताराचंद रस्त्याकडं पाठ करून उभा होता, तोंडात शिट्टी, दोन्ही हात हलत होते. किती वाजले ते त्यानं मुद्दाम पाहिलं नाही.

मागं सायकल पडल्याचा आवाज आला. लोकांच्या पडतात, तो वळला नाही. मग मीराबाईचा आवाज आला, आणि तो त्याच्यासाठी नव्हता. ती पायऱ्या चढून, काचेचं दार ढकलून आत शिरली होती.

"आमचे हे कुठी आहेत? काय झालं त्याईले?"

रजत गोंधळला. "कोण, काकू?"

"लोणारे. तुमचे गार्ड. कोणत्या दवाखान्यात नेलं? सांग ना बाबू."

गेल्या उन्हाळ्यात ताराचंद याच पायरीवर भोवळ येऊन पडला होता. ती तेच धरून बसली होती. दुरून पट्टा गाड्यांनी भरलेला दिसला, आणि तिच्या डोक्यात एकच गोष्ट आली. माणूस जागेवर असता तर हे झालं नसतं, म्हणजे माणूस जागेवर नाही. पाय टेकायला कठडा मोकळा नव्हता, तर तिनं सायकल तशीच टाकली आणि धावली; उंच गाडीआड उभा ताराचंद तिला दिसलाच नाही. गुडघ्यांमुळं ती कित्येक दिवसांत धावली नव्हती.

रजतनं बाहेर बोट केलं. "काका तर तिथंच आहेत. गाडी लावून राहिले."

ती दारात आली. ताराचंद गाडीच्या मागं उभा होता, हात अर्धे वर, शिट्टी तोंडात. तिनं त्याला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. छातीवर हात ठेवून एक श्वास सोडला. डोळ्यांत पाणी होतं, ते तिनं पदरानं पुसलं.

"बरे आहात ना जी?"

त्यानं शिट्टी काढली. "हो."

"मले वाटलं..." मग तिची नजर गाडीवर गेली. मग त्या गाडीमागच्या गाडीवर, आणि तिच्याही मागच्या गाडीवर. मग त्याच्या हातातल्या शिट्टीवर. सगळं समजायला तिला फार वेळ लागला नाही. ती काही बोलेल, चारचौघांत बोलेल, म्हणून तो तयार होऊन उभा राहिला. बोलली असती तर त्याला बरंच वाटलं असतं.

"टँकर बंद झाला का?" तिनं हळूच विचारलं.

"हो. कालच सांगितलं मालकानं."

"मंग घरी सांगाचं नं. मी मागच्या गल्लीनं गेली असती."

पांढऱ्या गाडीची काच खाली झाली. आतला माणूस मान बाहेर काढून म्हणाला, "काका, और पीछे लूं क्या?"

ताराचंदनं तिच्याकडं पाहिलं. मीराबाई स्वतःच पायरीच्या कडेला सरकली, गाडीला जागा करून दिली.

"सांगा त्याले," ती म्हणाली. "थांबला आहे तो."

"आने दो," ताराचंद म्हणाला. "बस. हो गया."

तिनं सायकल उचलली, हँडल सरळ केलं. चढायला कुठं काही नव्हतं, सगळा कठडा गाड्यांच्या पलीकडं. मैदानात धरायचा तसा कॅरिअर धरावा म्हणून तो दोन पावलं पुढं गेला. "राहू द्या जी," ती म्हणाली, "तुमच्या मागं आणखी एक आली." खरंच आली होती, हॉर्न देत होती. मीराबाई सायकल हातानं ढकलत, बस आणि गाड्यांच्या मधून, एक पाय ओढत सिग्नलकडं चालत निघाली. होस्टेल अजून बरंच लांब होतं. ताराचंदनं मागच्या गाडीला हातानं थांबवून धरलं, आणि मीराबाई दिसेनाशी होईपर्यंत तसाच हात वर करून उभा राहिला. मग त्या गाडीवाल्याला सांगितलं, जागा नाही, पुढं घ्या.