वाघदेव खाली उतरला

सोमीचा कुणावर म्हणून विश्वास नाही. माझ्या टपरीवर चहा घेते, तर आधी पेल्यात डोकावते. मी चिडते, "अगं बये, विष घालायला मला काय वेड लागलंय?" ती म्हणते, "रोहिणी, बगितलेलं बरं."

कर्नाळ्याच्या अलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी तिची कातकरी वाडी. बाई सुकापूरला इमारतींवर बिगारीला जाते. डोंगरावर त्यांचा वाघदेव, शेंदूर फासलेला दगड. त्याच्या उजव्या हाताला सोमीची रूपा पुरलेली. तापाने गेली पोर. थडगं बांधायची यांच्यात रीत नाही. देव राखतो, एवढंच.

गेल्या वर्षी एक खाणकंपनी आली. कंपनी कसली, दोन गाड्या आणि कल्पेश नावाचा गोडबोल्या! आज ही टेकडी घे, उद्या ती घे, फोडून खडी कर. वाडीत मात्र हात जोडून आला. "एवढा मोठा देव, आणि उन्हात? आम्ही खाली मंदिर बांधून देतो. फरशी, लाइट, घंटा, सगळं."

वाडी हुरळली. सोमी एकटी फणकारली, "फुकाट कोन देतंय? ह्याला आमच्या देवाचा येवढा पुळका कशाला?"

तिचा नवरा जैतू वाडीचा भगत. तो खेकसला, "तुजा देवावर पन संशय!"

"देवावर नाय. ह्या मेल्यावर हाय."

ऐकतो कोण? दिवाळीच्या तोंडावर, वाघबारशीला जैतूने कौल लावला, देवाने म्हणे हो म्हटलं. ढोल वाजवत त्याने देव स्वतःच्या डोक्यावरून खाली आणला. सगळे नाचले. सोमी माझ्या टपरीशी उभी राहून कल्पेशचं तोंड निरखत होती. दिवाळी सरताच रस्ता करायच्या नावाखाली डोंगरावर जेसीबी फिरला.

मग खाणीला परवानगी द्यायच्या आधी पाहणीला सरकारी साहेब आले. कल्पेश म्हणाला, "वर काही नाही साहेब. वहिवाट नाही, देवस्थान नाही. देव तर यांनीच आपल्या हाताने खाली आणलाय." माझ्या अंगाची लाही लाही झाली. काय डाव टाकला मेल्याने!

सोमी पुढे झाली. "माजी पोर हाय वर."

"दाखवा कुठे ते. तेवढी जागा सोडायला सांगतो," साहेब म्हणाले. मला तर तेही कल्पेशचेच पाव्हणे वाटले.

जैतूसकट सगळी वाडी निघाली. टपरी तशीच टाकून मीही चढले. वर झुडूप नाही, दगड नाही. नुसता लाल मुरूम, सपाट.

"देवाच्या उजव्या हाताला…" सोमी बोलायला गेली आणि थांबली. इकडे फिरली, तिकडे फिरली, खाली बसून तळव्याने माती चाचपली.

"सावकाश शोधा ताई, घाई नाही," कल्पेश म्हणाला. जीभ झडो त्याची!

सोमी उठली ती थेट जैतूसमोर. "तूच उचललास ना देव? मंग सांग, कुटून उचललास?"

जैतूने एक जागा दाखवली. मग दुसरी.